सह्याद्रीचे बेडूक आणि किट्रिड बुरशी

एकाच रोगाने वन्य प्राण्यांच्या सर्वाधिक जातींची हानी केल्याचे जे उदाहरण विज्ञानाच्या नोंदींत आहे, ते बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचे आहे. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या बुरशीमुळे गेल्या अर्धशतकात किमान ५०१ उभयचर जातींची संख्या घटली असून त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्या आहेत किंवा झाल्या असाव्यात, असे मानले जाते. ही हानी मुख्यतः ऑस्ट्रेलियात आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत झाली. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या बेडकांवरही हीच बुरशी असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले, परंतु अमेरिकेत दिसली तशी मृत्यूची लाट येथे नोंदली गेलेली नाही. एकच रोगकारक एका खंडात संहारक आणि दुसऱ्या खंडात जवळजवळ निरुपद्रवी का ठरावा, आणि आपल्याकडची ही स्थिती कोणत्या अटींवर टिकून आहे, हा प्रश्न सह्याद्रीतील उभयचरांच्या संवर्धनाच्या मुळाशी आहे.

बेडूक, खरखरीत त्वचेचे भेक, शेपटी असलेले सॅलॅमँडर आणि पाय नसलेली देवगांडुळे या सर्वांना मिळून उभयचर म्हणतात. या प्राण्यांच्या बाबतीत त्वचा हे केवळ शरीराचे आवरण नसते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो. श्वसनाचा मोठा भाग त्वचेतूनच होतो. आणि रक्तातील सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण राखण्याचे काम, जे सस्तन प्राण्यांत प्रामुख्याने मूत्रपिंडे करतात, त्याचा मोठा वाटा बेडकाच्या त्वचेवर असतो. म्हणूनच माणसाला नायट्यासारखा त्वचारोग झाला तर तो त्रासदायक असला तरी जीवघेणा नसतो, पण बेडकाच्या त्वचेचा रोग म्हणजे त्याच्या श्वसनाचा, जलसंतुलनाचा आणि हृदयाचा रोग होय.

बुरशीचे पूर्ण शास्त्रीय नाव बॅट्रॅकोकिट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस असे आहे आणि संशोधक तिचा उल्लेख सोयीसाठी ‘बीडी’ असा करतात. किट्रिड हा बुरशींचा एक अतिप्राचीन गट असून त्यातील बहुतेक जाती पाण्यात आणि ओल्या मातीत राहून कुजणाऱ्या वनस्पती, परागकण किंवा कीटकांची टाकलेली कात यांवर जगतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर जगणारी किट्रिड बुरशी बीडीच्या शोधापूर्वी माहीतच नव्हती. पावावर किंवा लोणच्यावर दिसते तशी तंतूंची जाळी ही बुरशी धरत नाही. तिचे बीजाणू चल असतात, म्हणजे प्रत्येकाला एक शेपटीसारखा तंतू असतो आणि त्याच्या साहाय्याने तो पाण्यात पोहू शकतो. त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. असा चलबीजाणू बेडकाच्या त्वचेला चिकटला की तो पेशीत शिरतो, तेथे एक गोलसर पिशवी तयार होते, अनुकूल तापमानात चार-पाच दिवसांत ती नव्या चलबीजाणूंनी भरते आणि एका बारीक नळीवाटे ते पुन्हा पाण्यात सोडले जातात. त्यांतले काही दुसऱ्या बेडकाकडे जातात, तर काही त्याच बेडकाच्या त्वचेत पुन्हा शिरतात, आणि रोगाचे गांभीर्य या पुनरावृत्तीवर अवलंबून असते. थोडे बीजाणू असलेला बेडूक वर्षानुवर्षे धडधाकट राहू शकतो, पण भार एका मर्यादेपलीकडे गेला की तो वाचत नाही.

ही बुरशी केराटिन या प्रथिनाने बनलेल्या पेशींत वाढते. केराटिन म्हणजे आपली नखे आणि केस ज्याचे बनलेले असतात तो पदार्थ. बेडूकमाशांच्या, म्हणजे शेपटी असलेल्या पाण्यातल्या पिल्लांच्या, अंगावर केराटिन नसते. ते फक्त त्यांच्या तोंडाभोवतीच्या बारीक दातेरी पट्ट्यांत असते. त्यामुळे बेडूकमासा बुरशी तोंडात बाळगून महिनोन्‌महिने जगतो आणि तिचा वाहक ठरतो. पाय फुटून, शेपटी गळून, अंगभर प्रौढ त्वचा आली की मात्र तीच बुरशी सर्वांगावर पसरते. परदेशांतील अनेक तळ्यांत बेडूकमासे विपुल दिसत असूनही तरुण बेडूक नाहीसे होत गेले, त्याचे कारण हे आहे. मृत्यू नेमका कसा येतो, हे २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील हिरव्या वृक्षबेडकांवर केलेल्या प्रयोगांतून कळले. रोगग्रस्त त्वचेतून क्षारांचे वहन निम्म्याहून अधिक मंदावले, रक्तातील सोडियम सुमारे २० टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी घटले आणि अखेर हृदय बंद पडले. ही बुरशी माणसाला होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण रोगाच्या बातमीने बेडकांविषयी भीती किंवा किळस वाढणे हे संवर्धनाच्या दृष्टीने फार मोठे नुकसान ठरेल.

रोगाचा शोध लागण्यापूर्वी त्याचे परिणाम दिसले होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पर्वतीय जंगलांत, आपली पिल्ले पोटात वाढवून तोंडातून बाहेर सोडणाऱ्या बेडकांच्या दोन जाती होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर त्या कोणाला दिसल्या नाहीत. कोस्टारिकातील माँटेव्हर्दे येथील सोनेरी भेक १९८९ नंतर दिसला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधील कँटरबरी येथे भरलेल्या उभयचर व सरीसृप अभ्यासकांच्या पहिल्या जागतिक परिषदेत निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी आपापल्या नोंदी एकमेकांना सांगितल्या, तेव्हा राखीव, अस्पर्श जंगलांतूनही बेडूक नाहीसे होत आहेत ही गोष्ट प्रथमच एकत्रितपणे समोर आली. जंगलतोड हे कारण तेथे लागू पडत नव्हते. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिका येथील मृत बेडकांच्या त्वचेत एकच बुरशी असल्याचे ली बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि १९९९ मध्ये, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील एका मृत निळ्या विषारी बेडकापासून वेगळ्या केलेल्या नमुन्यावरून तिचे नामकरण झाले. पनामातील एल कोपे येथे तर संशोधकांनी रोग येण्यापूर्वीच गणना करून ठेवली होती. २००४ मध्ये बुरशी तेथे पोहोचली आणि काही महिन्यांत त्या जंगलातील बेडकांचा मोठा भाग त्यांच्या डोळ्यांदेखत मरून गेला.

ही बुरशी आली कोठून, याचे उत्तर दोन दशके बदलत राहिले. दक्षिण आफ्रिकेतील नखी बेडूक १९३० च्या दशकापासून गर्भधारणेच्या चाचणीसाठी जगभरच्या रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत पाठवला जात असे, कारण गर्भवती स्त्रीच्या मूत्राचे इंजेक्शन दिल्यावर त्याची मादी काही तासांत अंडी घालते. या व्यापारातूनच रोग पसरला असावा, असा तर्क बराच काळ मान्य होता. २०१८ मध्ये मात्र जगाच्या अनेक भागांतून गोळा केलेल्या बुरशीच्या जनुकसंचांची तुलना झाली आणि तिचे मूळ पूर्व आशियात, कोरिया द्वीपकल्पाच्या परिसरात असल्याचे, आणि संहारक वंशाचा जागतिक प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीस, प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाढीबरोबर, झाल्याचे दिसून आले. वंश म्हणजे एकाच जातीतील वेगळ्या कुळीची शाखा. बीडीचे असे अनेक वंश आहेत. त्यांतला ‘जागतिक साथीचा वंश’ म्हणून ओळखला जाणारा एक वंश बहुतेक संहाराला जबाबदार आहे, तर आशियातील काही वंश तेथील बेडकांबरोबर दीर्घकाळ राहत आले आहेत. सह्याद्रीतील परिस्थिती समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे.

पश्चिम घाटात बीडी असल्याची पहिली नोंद २०११ मध्ये केरळमधून झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, नीलेश डहाणूकर, कीर्ती कृथा, मंदार पैंगणकर, आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि संजय मोलूर यांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात उत्तर पश्चिम घाटातील, म्हणजे महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या, बेडकांवरील बुरशीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, आबासाहेब गरवारे महाविद्यालय आणि कोइंबतूरची झू आउटरीच ऑर्गनायझेशन यांच्याशी संबंधित असलेल्या या अभ्यासकांनी बेडकांच्या त्वचेवरून घेतलेल्या नमुन्यांची पीसीआर तपासणी केली, म्हणजे नमुन्यातील बुरशीच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती तयार करून तिचे अस्तित्व आणि प्रमाण ठरवले; शिवाय त्वचेचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तीन जातींवर बुरशी आढळली, आणि या तिन्ही जाती केवळ पश्चिम घाटातच सापडणाऱ्या व संकटग्रस्त आहेत.

त्यांतील पहिली जाती हुमायूनचा रातबेडूक, शास्त्रीय नावाने निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव १९५५ मध्ये तिला देण्यात आले. सह्याद्रीच्या दाट जंगलांतील वाहत्या ओढ्यांच्या काठी हा बेडूक राहतो आणि त्याचे प्रजनन जगातील बेडकांत वेगळे आहे. सातारा जिल्ह्यात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार, नर मादीला मिठी न मारता तिच्या पाठीवर चढून हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, पाठीवर शुक्रद्रव सोडून बाजूला होतो, आणि त्यानंतर मादी अंडी घालते तेव्हा तो द्रव पाठीवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोहोचतो. ओढ्यावर झुकलेल्या पानांवर घातलेल्या या अंड्यांतून बेडूकमासे खाली पाण्यात पडतात. इतक्या नेमक्या आवश्यकता असलेला प्राणी, म्हणजे ज्याला बारमाही ओलावा, ओढ्यावरची सावली, पाण्यावर झुकलेली पाने आणि स्वच्छ प्रवाह हे सर्व एकाच ठिकाणी हवे असते, तो रोगाशिवायही सहज संकटात सापडतो. २०१३ च्या अभ्यासात त्वचेवर बाह्य लक्षणे दिसली ती याच जातीत: त्वचेवर व्रण होते, ती तपकिरी पडली होती आणि तिचे पापुद्रे निघत होते. लीथचा उडी बेडूक, ज्याचे बेडूकमासे ओल्या कातळांवर पाण्याच्या पातळ थरात वाढतात, आणि मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा झुडपी बेडूक या दोन जातींवर बुरशी असूनही कोणतेही बाह्य लक्षण नव्हते. झुडपी बेडकांच्या या गटात पाण्यातला बेडूकमाशांचा टप्पाच नसतो, अंड्यातून थेट लहान बेडूक बाहेर पडतो. तरीही त्याच्यावर पाण्यातून पसरणारी बुरशी आढळावी, ही बाब संसर्गाच्या वाटा वाटतात त्याहून अधिक असल्याचे सुचवते. या बुरशीच्या जनुकीय अनुक्रमांची तुलना केली असता ती आशियात आढळणाऱ्या स्थानिक वंशाशी जवळची असल्याचे दिसले, आणि या अभ्यासातील ही सर्वांत महत्त्वाची बाब होती.

पाच वर्षांनंतर, २०१८ मध्ये, ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’ या नियतकालिकात दुसरा अभ्यास आला. इंग्लंडमधील आणि भारतातील संशोधकांच्या या गटात सड्यांच्या परिसंस्थेच्या अभ्यासक अपर्णा वाटवे यांचाही सहभाग होता. सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार: उन्हाळ्यात तापून कोरडेठाक पडणारे, पावसाळ्यात मात्र उथळ डबक्यांनी, गवताने आणि फुलांनी भरून जाणारे. कोकणात समुद्रसपाटीपासून ६७ मीटर उंचीवर असलेल्या सड्यांपासून घाटमाथ्यावरील ११७९ मीटर उंचीच्या पठारांपर्यंत एकूण १३ ठिकाणी २१ जातींच्या ११८ उभयचरांचे नमुने घेण्यात आले, आणि त्यांपैकी ७९ टक्के जातींवर व २७ टक्के प्राण्यांवर बुरशी सापडली. देवगांडुळांवर बुरशी आढळल्याची भारतातील ही पहिलीच नोंद होती. आंबोली परिसरातील झॅन्थोफ्राइन टायग्रिना हा अंगावर वाघासारखे पट्टे असलेला भेक, जो २००९ मध्ये नवी जाती म्हणून वर्णिला गेला आणि या अभ्यासाच्या वेळी अतिसंकटग्रस्त गणला जात होता, त्याच्यावरही ती आढळली. पहिल्या पावसात कातळावर साचणाऱ्या, काही दिवसांत आटूही शकणाऱ्या डबक्यांत हा भेक प्रजनन करतो. त्याचे ज्ञात अधिवासक्षेत्र इतके लहान आहे की तेथे एखादी साथ आली तर तिच्यातून सुटण्यासाठी त्या जातीला दुसरी जागा उरत नाही.

या अभ्यासातील सर्वांत विचारप्रवर्तक आकडे उंचीशी निगडित आहेत. घाटाखालच्या सड्यांवर ३१.२ टक्के प्राणी बाधित होते, तर माथ्यावर २५.४ टक्के, पण प्रत्येक बाधित प्राण्यावरील बुरशीचे प्रमाण याच्या उलट, माथ्यावर अधिक होते. म्हणजे कोकणात बुरशी अधिक जणांना शिवते, पण फारशी वाढत नाही; माथ्यावर ती कमी जणांना लागते, पण ज्यांना लागते त्यांच्यावर जोमाने वाढते. याचे संभाव्य कारण तापमानात आहे. प्रयोगशाळेत ही बुरशी १७ ते २५ अंश सेल्सियस या पट्ट्यात सर्वोत्तम वाढते, २८ अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते आणि ३० अंशांच्या वर ती फार काळ तग धरत नाही. कोकणातील उष्ण सडे त्यामुळे बेडकांना अंशतः आश्रय देत असावेत, असे संशोधकांनी सुचवले आहे, आणि ही सूचना व्यवहारातही मोलाची आहे, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हेच सडे महसुली कागदांवर अनेकदा पडीक जमीन म्हणून नोंदले जातात आणि चिरेखाणी, बागा व बांधकामे यांच्यासाठी सर्वांत आधी खर्ची पडतात.

मराठी बोलणाऱ्या प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, चित्र वेगळे आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील भरवेली आणि तिच्या शेजारचा गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख हा धानाच्या बांध्यांचा, बोड्यांचा आणि माजी मालगुजारी तलावांचा प्रदेश आहे. मृगाच्या पावसात पिवळेधमक होऊन डरावणारे मोठे बेडूक, भेक, वाळूत पुरून घेणारे बिळी बेडूक आणि घरांच्या भिंतींवर चढणारे वृक्षबेडूक हे येथील नेहमीचे उभयचर होत. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या काळात उघडे उथळ पाणी या बुरशीला मानवणारे नसते आणि बहुतेक बेडूक जमिनीखाली दडलेले असतात. हे नैसर्गिक संरक्षण खरे आहे, पण ते संपूर्ण नाही. हिवाळ्यात याच पाण्याचे तापमान बुरशीला अनुकूल अशा पट्ट्यात येते, सातपुडा-मैकलच्या उंच भागांत पावसाळाही थंड असतो, आणि जमिनीखालची ओल उन्हाळ्यातही पृष्ठभागाइतकी तापत नाही. तलावांतून तलावांकडे नेल्या जाणाऱ्या मत्स्यबीजाच्या पाण्यातून बेडूकमासे आणि चलबीजाणू दोन्ही प्रवास करू शकतात. तलावाच्या पाण्यात हे बीजाणू कित्येक आठवडे टिकू शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मत्स्यबीज स्थानिक केंद्रातून घेणे, ते सोडण्यापूर्वी त्यात मिसळलेले बेडूकमासे वेगळे काढणे आणि वाहतुकीचे पाणी तलावात न ओतता जमिनीवर कोरड्या जागी जिरवणे, ही साधी खबरदारी वैनगंगेच्या खोऱ्यात घेता येण्यासारखी आहे.

सह्याद्रीतील बुरशी स्थानिक वंशाची आहे आणि येथील बेडूक तिच्याबरोबर दीर्घकाळ राहत आले असावेत, हे मान्य केले तर संवर्धनाची दिशा स्पष्ट होते. येथे बुरशीचा नायनाट करण्याची गरज नाही आणि ते शक्यही नाही. गरज आहे ती हा जुना समतोल बिघडू न देण्याची. तो दोन प्रकारे बिघडू शकतो. पहिला प्रकार म्हणजे बाहेरच्या संहारक वंशाचे आगमन. दोन वंश एकाच प्राण्यावर एकत्र आले तर त्यांचा संकर होऊ शकतो, असे संकर अन्यत्र सापडले आहेत आणि २०१८ च्या जनुकीय अभ्यासाच्या कर्त्यांनी प्राण्यांच्या व्यापाराबाबत इशारा दिला तो याच कारणाने. युरोपातील अनुभव ताजा आहे. बीडीची बहीण म्हणता येईल अशी बीसाल नावाची बुरशी आशियातून पाळीव सॅलॅमँडरांच्या व्यापारातून तेथे पोहोचली, २०१३ मध्ये तिचे वर्णन झाले, तोवर नेदरलँड्समधील अग्निसॅलॅमँडर जवळजवळ नाहीसे झाले होते. भारतातून बेडकांच्या पायांची परदेशी निर्यात १९८७ मध्ये बंद करण्यात आली, आणि तो निर्णय बेडकांच्या दृष्टीने निःसंशय हितकारक ठरला. पण शोभेच्या मत्स्यालयांच्या दुकानांतून आणि खासगी व्यवहारांतून येणारे परदेशी बेडूक हा नवा मार्ग आहे. २००८ पासून पशुरोगांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या रोगाचा समावेश सूचित करणे बंधनकारक असलेल्या रोगांत केला आहे, तेव्हा आयात होणाऱ्या प्रत्येक उभयचराची विलग्नवासात तपासणी व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

दुसरा प्रकार अधिक जवळचा आहे. जो बेडूक सशक्त आहे, ज्याच्या ओढ्यात पाणी आणि सावली आहे, त्याच्या त्वचेवरील हितकारक जिवाणू आणि त्याची प्रतिकारशक्ती बुरशीला आवरतात. जो बेडूक कीटकनाशकांच्या पाण्यात, आटत्या डबक्यात किंवा गर्दीत अडकलेला आहे, त्याला तीच बुरशी जड जाते. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या उभयचरांच्या दुसऱ्या जागतिक पाहणीनुसार सुमारे ४१ टक्के उभयचर जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, आणि २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यांतील ३९ टक्क्यांच्या बाबतीत हवामानबदल हे प्रमुख कारण होते. रोग, अधिवासाचा ऱ्हास आणि हवामानबदल अशी तीन वेगळी खाती मांडणे अभ्यासकाच्या सोयीचे असले तरी ओढ्याकाठच्या बेडकावर ती तिन्ही एकाच वेळी कोसळतात. सड्यावरचा रस्ता, घाटातल्या वाहनांखाली पावसाळी रात्री चिरडले जाणारे भेक, ओढ्यावर बांधलेले विश्रामगृह आणि गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर ताटासाठी होणारी बेडकांची बेकायदा शिकार या सर्वांचा संबंध त्यामुळे त्वचेवरच्या बुरशीशीही आहे.

परदेशांत उपचाराचे काही यशस्वी प्रयत्न झाले आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. स्पेनच्या मायोर्का बेटावर संशोधकांनी तळ्यांतील बेडूकमासे बाहेर काढून त्यांना बुरशीनाशक औषधाच्या द्रावणात ठेवले, रिकामी तळी रसायनाने निर्जंतुक केली आणि पिल्ले परत सोडली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वन्य तळ्यातून रोग प्रथमच हटवला गेला. मात्र ती खडकातली मोजकी, लहान तळी होती आणि तेथे दुसरे उभयचर नव्हते. सह्याद्रीच्या जिवंत ओढ्यात रसायन ओतण्याचा विचारही करता येणार नाही. पनामातील सोनेरी बेडूक बंदिस्त केंद्रांत वाढवून वाचवला गेला आहे. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात, रोगातून तरलेल्या बेडकांना दुसऱ्या सरोवरांत नेऊन सोडल्यावर त्यांनी तेथे स्थिर वस्ती केल्याचे २०२४ मध्ये दाखवण्यात आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनी भोके असलेल्या विटा लहान हरितगृहांत रचून बेडकांसाठी उबदार आसरे तयार केले. त्या उबेत बाधित बेडूक बरे झाले आणि पुन्हा होणाऱ्या संसर्गाला त्यांनी अधिक तोंड दिले. या प्रयोगाचे महत्त्व असे की येथे औषध वापरलेले नाही. बेडकाला हवी ती ऊब शोधण्याची सोय मिळाली, एवढेच. सड्यावरील उन्हात तापलेले सुटे दगड सह्याद्रीच्या बेडकांसाठी हेच काम करत असण्याची शक्यता आहे, आणि छायाचित्रासाठी किंवा बांधकामासाठी ते दगड उलटवून टाकणे म्हणूनच अनिष्ट आहे.

बेडूक गेले तर माणसाचे काय जाते, या प्रश्नाला आता आकड्यांचे उत्तर आहे. कोस्टारिका आणि पनामा येथे बेडकांचा संहार जसजसा जिल्ह्यामागून जिल्ह्यांत सरकत गेला, तसतशी त्याच्या मागोमाग हिवतापाच्या रुग्णांची संख्या वाढल्याचे २०२२ मधील एका अभ्यासाने दाखवले. डासांच्या अळ्या खाणारे बेडूकमासे आणि डास खाणारे बेडूक कमी झाल्याचा हा परिणाम मानला जातो. पावसाळ्यात डासांनी हैराण होणाऱ्या आणि धानावरील किडींसाठी फवारणीवर खर्च करणाऱ्या प्रदेशाला हा संबंध समजावून सांगण्याची गरज नसावी. तरीही ही उपयुक्तता हे संवर्धनाचे एकमेव कारण मानणे योग्य नाही. हुमायूनचा रातबेडूक डास खात नसता, तरीही लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून घडलेला आणि जगात दुसरीकडे कोठेही नसलेला तो प्राणी सह्याद्रीत टिकून राहणे आवश्यकच ठरले असते.

अलीकडच्या वर्षांत आंबोली, कास, ताम्हिणी, भीमाशंकर आणि कोयनेच्या परिसरात पावसाळी रात्री बेडूक पाहण्यासाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ही आस्था मोलाची आहे, आणि तिच्यामुळेच अनेक नव्या नोंदी झाल्या. पण एका ओढ्यातला चिखल बुटांना लावून दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या ओढ्यात उतरणारा माणूस हा बुरशीचा उत्तम वाहक ठरू शकतो. कोरडेपणा आणि उष्णता या दोन गोष्टी या बुरशीला सहन होत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून निघताना बूट, छत्र्या, जाळ्या आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्यांवरील चिखल तेथेच घासून काढावा, घरी आल्यावर हे सर्व ओढ्यापासून दूर ब्लीचिंग पावडरच्या सौम्य द्रावणाने धुवावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावे. बेडूक हातात धरू नये. अभ्यासासाठी परवानगी घेऊन धरावाच लागला तर प्रत्येक बेडकासाठी नवा हातमोजा वापरावा आणि तो जेथे सापडला तेथेच सोडावा. पिल्ले मोठी झाल्यावर शाळेच्या मत्स्यालयातील बेडूकमासे जवळच्या तळ्यात सोडण्याची पद्धत सदिच्छेतून आलेली असली तरी थांबवली पाहिजे. एखाद्या ओढ्याकाठी किंवा बोडीत कारण न कळता अनेक बेडूक एकाच वेळी मेलेले दिसले, किंवा दिवसाढवळ्या उघड्यावर निपचित बसलेला, कातडीचे पापुद्रे निघणारा बेडूक आढळला, तर त्याला हात न लावता छायाचित्र, ठिकाण आणि तारीख यांसह वनविभागाला आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवावे, कारण मृत बेडूक पावसात एक-दोन दिवसांतच कुजून जातो आणि त्याच्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो.